कोरड्या मुलखाची शिदोरी

मी आणि मंगल आफ्रिकेला निघालो, त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं आमच्याच घरात पिठलं-भाकरी जेवलो आणि मी ओसरीवर ताणून दिली. निघाली होती ती फक्त बॅग. आमच्याकडं याला पस्तान ठेवणं म्हणतात. चांगला दिवस एक आणि गाडीचा दिवस दुसरा असं झालं, की चांगल्या दिवशी आपलं थोडं सामान, निदान अंगावरचं एखादं कापड, शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. सामान उंबऱ्याबाहेर पडलं की माणूस निघालं असं धरतात. मग त्यानं मागनं कधीही जावं.

आमचा व्हिसा अडकला होता आणि आमच्या देवीची, येडाईची चैत्राची जत्रा उरकली होती. मायनं गुरवाला विचारून गुरुवार धरला. सामान ज्या दिशेला जायचं त्या अंगाच्या घरात ठेवावं लागतं, म्हणून टांझानिया कुठल्या अंगाला येतं यावर ओसरीवर बराच खल झाला. लेकीनं भूगोलाचं पुस्तक आणून नैर्ऋत्य दिशा सांगितली. आमच्या नैर्ऋत्येला उकिरडा, आणि त्याच्या पलीकडं शिवलिंग आप्पांचं घर. आप्पा म्हणजे गावातले जुने किराणा दुकानदार, कपाळाला भस्माचे पट्टे ओढल्याशिवाय तराजूला हात न लावणारे. मी बॅग घेऊन त्यांच्या दारात गेलो, तर म्हणाले, "आण की. माझ्या घरातनं आफ्रिका तेवढीच जवळ पडंल."

बॅगेत माझा एक शर्ट-प्यांट होता आणि मंगलचं हिरवं इरकल लुगडं. दोघांचं पस्तान एकाच बॅगेत. त्याला एकच अट असते, ती मायनं सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगितली. ठेवलेलं सामान परत उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, आणलं की प्रवास मोडला.

मी पॅनमन आहे. साखर कारखान्यात उसाचा रस पॅन नावाच्या मोठ्या भांड्यात आटवून जो साखरेचा दाणा पाडतो त्याला पॅनमन म्हणतात, आणि हे बाहेरच्या माणसाला दरवेळी समजावून सांगावं लागतं. आमच्याकडचा कारखाना एक हंगाम बंद राहिला, मग दुसरा, आणि पुढं तो सुरू होणार ही बातमी फक्त निवडणुकीत ऐकू यायला लागली. पॅनमनला दुसरं काही येत नाही. परंड्याकडचा माझा एक जुना सोबती टांझानियातल्या साखर कारखान्यात होता. त्यानं फोन केला, इथं माणूस पाहिजे, बायकोला घेऊन ये, क्वार्टर मिळते. मी मंगलला बिचकतच विचारलं. सोनारीहून लग्न होऊन आमच्या गावात आली एवढाच तिचा लांबचा प्रवास. मला वाटलं ती रडेल. तिनं हातातलं पीठ झटकलं आणि म्हणाली, "कवा निघायचं?"

मायनं तिला जनावरांचं भय घालून बघितलं. मंगल म्हणाली, "आत्या, सोनारीच्या वानरांत वाढलेय मी. ताटातली भाकर हिसकून नेत्यात ती. आफ्रिकेचं काय भ्या घालताय."

त्या दिवसांतली मंगल मला अजून लख्ख दिसते. मुंबईला जाऊन आम्ही दोघांनी पिवळ्या तापाची सुई टोचून घेतली. तिला दोन दिवस ताप भरला तर तापातच ती हसत होती. डॉक्टरनी सांगितलं, ही सुई जन्मभर पुरते. तिनं सुटकेसवर तांबड्या रंगानं नाव घालून घेतलं. लेक मामाकडं राहून दहावी करणार, मायजवळ माझी धाकटी बहीण येऊन राहणार, सगळं तिनंच जुळवलं. लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झालेली, पण आम्ही दोघंच कुठं राहिलो असं कधी झालंच नव्हतं. मला वाटतं आम्हाला दोघांनाही नोकरीपेक्षा त्याचंच जास्त कौतुक होतं, बोललो मात्र नाही.

आणि मग बांधाबांध. गावात जो तो विचारायचा, तिथली हवा कशी? मी सांगायचो, लई गरम. पुस्तकातही तेच होतं, विषुववृत्ताजवळ, उष्ण. ऐकणारा म्हणायचा, मग काय, आपल्यासारखंच. याच्यावर सगळं गाव निर्धास्त झालं, आणि इथंच आम्ही फसलो. आम्हाला ऊन एकाच जातीचं माहीत. आमचं ऊन वाळवतं. चैत्र-वैशाखात ओला पंचा दोरीवर टाकून आत जाऊन यावं तर तो पापडासारखा झालेला असतो. पाण्याची ददात आम्हाला पाठ आहे, पण ओल हा काय त्रास असतो हे आमच्यात कुणाच्या बापजाद्यानं बघितलं नव्हतं. मायचं तर म्हणणं एकच. "ऊन हाय ना तिथं? मग टिकण्याची काळजी कशाची."

त्या हिशोबानं तिनं आणि मंगलनं शिदोरी केली. शाळू ज्वारीच्या कडक भाकरी, पातळ थापून तव्यावर आणि मग निखाऱ्याच्या कडंला उभ्या करून ठणठणीत वाळवलेल्या. आमच्याकडं ही भाकरी महिनोन् महिने राहते, हातात घेतली की कडाड मोडते. आमटीला लावायचं येसर, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्यांचं पीठ. कुरडया, सांडगे, हरभऱ्याचा वाळवलेला पाला, शेंगदाण्याची चटणी. मी बाजारातून प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या तर मायनं त्या बाजूला सारल्या. "प्लास्टिकात जिनसाला घाम येतो. कापडात ठीव. श्वास घेऊ दे त्याला." जुन्या धोतरांच्या पिशव्या शिवल्या, तळाला कडुनिंबाचा पाला घातला. आमच्या मुलखात तिचं बोलणं शंभर टक्के खरं होतं.

व्हिसा आला तो माझ्या एकट्याचा. कंपनीनं कळवलं, कुटुंबाची क्वार्टर वर्ष झाल्यावर, तोवर एकट्यानं यावं. सोबत्याला फोन केला तर म्हणाला, नियम बदललाय, माझ्या हातात काही नाही. मी हे मंगलला चुलीपुढं सांगितलं. तिनं उठून मडक्यातलं पाणी बघितलं, आणि गेला आठवडाभर जी कामं तिनं बहिणीला लावून दिली होती ती एकेक करून परत हातात घेतली. बहीण बिचारी नुसती मागं मागं फिरत होती.

प्रश्न राहिला आप्पांच्या घरातल्या बॅगेचा. मंगलचं लुगडं काढून घ्यावं तर प्रवास मोडतो, तिचाही आणि माझाही. आप्पा म्हणाले, राहू दे माझ्याकडं, मागनं येईल ती घेऊन. माय म्हणाली, तसं चालत न्हाय, पस्तान पुढंच जायला पाहिजे. मंगलनंच निकाल लावला. "तुमच्या संगं जाऊ द्या. लुगडं पुढं गेलं म्हंजी मी निम्मी गेलेच की." येरमाळ्याच्या स्टँडवर एसटीत बसताना ती बॅग माझ्या मांडीवर होती आणि मंगल खाली खिडकीपाशी उभी होती. शेजारच्या हॉटेलातला भज्यांचा धूर तिच्या तोंडावर येत होता. ती म्हणाली, "वरीस म्हंजी काय, आसं जातंय." गाडी हलली तशी तिनं चुटकी वाजवून दाखवली.

मी उतरलो तो तिकडच्या पावसात. जो पाऊस आम्ही पंचांग बघून, कावळ्यांची घरटी बघून मागतो, तो तिथं बिनबोभाट पडत होता. थांबला की ऊन पडायचं, चांगलं रणरणतं, आणि त्या उन्हात अंग सुकायच्या ऐवजी आणखी भिजायचं. कपडे दोरीवर तीन दिवस टाकले तरी कुबट वास. काडी ओढावी तर तिच्या टोकाचा गूळ झालेला. सगळीकडं हिरवं, इतकं की पहिल्या आठवड्यात डोळे निवले आणि दुसऱ्या आठवड्यात नको झालं. शेतांना तिकडं शांबा म्हणतात, आणि उसाच्या शांबातून वाफ निघताना दिसते. मला घर आठवायचं म्हणजे आधी आमच्या अंगणातली कोरडी माती आठवायची.

शिदोरीच्या पिशव्या मी कपाटात नीट लावून ठेवल्या होत्या. पुरवून पुरवून खायचं ठरवलेलं. पंधरवड्यानं दुसरी पिशवी उघडली तर आत हिरवट पांढरी लव. मायनं सांगितलं तसा जिन्नसानं श्वास घेतला होता, पण तिथल्या हवेचा. येसराचे गोळे झाले होते, कुरडया वातड, आणि कडक भाकरी मोडायला गेलो तर ती आवाज न करता वाकली. त्या वाकलेल्या भाकरीकडं बघून मला रडू आलं. क्वार्टर झाडायला येणारी बाई दारात उभी होती. तिनं पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "पोले, बाबा. पोले सना." तिकडं हे सगळ्या दुःखाला म्हणतात, ठेच लागली तरी आणि घरात कुणी वारलं तरी. मी लव खरवडून दोन भाकरी खाऊन बघितल्या. पोट बिघडलं. बाकीचं सगळं तिनं खड्डा करून पुरलं. मंगलच्या लुगड्यालाही घडीघडीवर काळे ठिपके पडले होते, ते काही केल्या निघाले नाहीत.

फोनवर सांगू की नको असं झालं, पण सांगितलं. मायला पटेना. "ऊन आसून वाळत न्हाय, मग ते ऊनच न्हाय." मंगलनं मात्र एकेक विचारायला सुरुवात केली. आधी काय खराब झालं? वरच्या पिशवीतलं का खालच्या? पाला काळा पडला का? मला त्या वेळी थोडा राग आला. माणसाचं एवढं नुकसान झालं आणि ही चौकशा करते. आता कळतं, ती रडायच्या ऐवजी चौकशा करत होती.

तिनं पुढं काय केलं ते मला महिन्यानं कळलं. तिची एक मावसबहीण तेरखेड्याला फटाक्याच्या कारखान्यात कामाला जाते. मंगल एसटीनं तिच्याकडं गेली. दारूला ओल लागली तर फटाका फुसका निघतो, म्हणून त्या बायका माल कसा जपतात हे तिनं दोन दिवस बघितलं. परत येऊन जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या, तोंड बंद करायचं छोटं मशीन आणलं, आणि भाकरी पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत घालायची नाही हे मायला समजावलं. मायनं आठवडाभर अबोला धरला. माझ्या साखर कारखान्यातला लातूरकडचा एक जण सुट्टीवरून परत येताना त्याच्याबरोबर मंगलनं ती नवी शिदोरी पाठवली. तिकडच्या पावसाळ्याच्या ऐन भरात मी पिशवी फोडली आणि भाकरी मोडली. कडाड वाजली. मेसमध्ये सगळ्यांनी मान वर करून बघितलं.

तिथंच सगळं फिरलं, आणि फिरलं हे मला फार उशिरा समजलं. मेसमध्ये सोलापूरचे होते, बार्शीचे होते, कर्नाटकातले होते. प्रत्येकाला ती भाकरी पाहिजे झाली. सुट्टीवर जाणारा प्रत्येक जण आमच्या घरून पिशव्या भरून आणायला लागला. मंगलनं येरमाळ्याच्या हायवेवरच्या दुकानांत पाकिटं ठेवली. देवीला येणाऱ्या गाड्या थांबायच्या, लोक घेऊन जायचे. मग परदेशी जाणाऱ्या पोरापोरींच्या आया तिला शोधत यायला लागल्या. आधी गल्लीतल्या चार बायका कामाला आल्या, मग आणखी. मी फोनवर सगळ्यांना अभिमानानं सांगायचो. खोटं नव्हतं ते, मला अभिमान होता.

वर्ष झालं आणि मला दोन खोल्यांची क्वार्टर मिळाली. मी किल्ली घेतली. आमच्या वर्कशॉपमधल्या फिटरकडून भाकरीचा तवा करून घेतला, खोलगट नको, आपल्याकडच्यासारखा सपाट. मागच्या दारी दोरी बांधली. शेजारणीशी बोलण्यापुरती स्वाहिली मंगलला यावी म्हणून मी फोनवर रोज एकदोन शब्द सांगायचो, आणि ती ते जोरजोरात म्हणायची, मागनं बायकांचं हसणं ऐकू यायचं. ती म्हणाली, लेकीची बारावी होऊ द्या. झाली. मग म्हणाली, दिवाळीचा माल निघू द्या. निघाला. मग मायच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. एकही कारण खोटं नव्हतं. मी दर वेळी बरं म्हणालो. स्वाहिली शब्द कधी बंद झाले ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात सुट्टीवर गेलो. अंगणभर भाकरी वाळत उभ्या होत्या, बायका पराती मांडून बसल्या होत्या, माय काठी घेऊन पाखरं हाकत होती. मी ओसरीवर बाज टाकून बसलो. एक बाई येऊन मोठ्या आदबीनं म्हणाली, "दादा, बाज जरा तिकडं घेता का? हितं पाकिटं ठिवायची हायत." मी बाज सरकवली. दुसऱ्या दिवशी परत सरकवली. हाताला काम पाहिजे म्हणून पाकिटं भरायला बसलो तर माझ्या हातून भाकरी मोडायला लागल्या. माझ्या हाताला पॅनच्या जड व्हॉल्व्हांची सवय. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, मंगलही हसली, आणि मी उठून आप्पांच्या दुकानात जाऊन बसलो. आप्पा आता फार बोलत नाहीत. मुलगा दुकान बघतो.

निघायच्या आदल्या दिवशी मंगलनं माझी सुटकेस भरली. आता तिच्या हातात ते काम इतकं बसलंय की बघत राहावं. प्रत्येक पाकिट दाबून हवा काढलेलं, कोपऱ्यात कोपरा. कापड कुठंच नाही. मी म्हणालो, क्वार्टर अजून माझ्याच नावावर आहे. तिनं झाकण लावलं आणि सुटकेसवरच बसली.

"मी न्हाय येत आता," ती म्हणाली. "त्या वर्षी मी गेलेच हुते. समदं आवरून, मनानं पार गेलेले. मागं फिरून परत चुलीपुढं बसायला लई जड गेलं मला. तसं परत न्हाय व्हायचं माझ्याच्यानं."

मी म्हणालो, मग मी येतो परत.

ती म्हणाली, "या की." मग म्हणाली, "पर काय करचाल?"

तिनं ते टोचून विचारलं नव्हतं. खरोखर विचारलं होतं, आणि माझ्या उत्तरासाठी थांबलीही होती. कारखान्याची यंत्रं भंगारात गेली, आता तिथं नुसतं धुराडं उभं आहे. मला साखरेचा दाणा पाडता येतो, आणि माझ्या जिल्ह्यात मला तो पाडायला आता जागा नाही. तिच्या अंगणात बसून पाकिटांवर लेबलं चिकटवीन, हे मी मनात बोलून बघितलं. जमलं असतं का? कुणास ठाऊक. तिनं पुन्हा 'या' म्हटलं नाही, आणि मीही 'येतो' म्हटलं नाही. दोघांचं कुणाचंच चुकलेलं नाही हे आम्हाला दोघांनाही कळत होतं, आणि त्यामुळं भांडायलाही काही उरलं नव्हतं.

गावात राहिलेले तुम्ही माझ्या सुटकेसकडं बघता आणि म्हणता, नशीब काढलं गड्यानं. गाव सोडून गेलेले तुम्ही कुठल्या कुठल्या देशांत माझ्या बायकोच्या हातची भाकरी मोडता, आणि तुम्हाला तिच्यात गावाची चव लागते. मलाही लागते. पण मला जी शिदोरी म्हणून मिळाली होती ती आता विकत मिळते, पाकिटावर आमच्या गावाचं नाव आहे, आणि ते वाचताना मी गिऱ्हाइकासारखा वाचतो. तिच्यावर माझा राग नाही. असता तर बरं झालं असतं.

परत आल्यावर मी क्वार्टरची किल्ली ऑफिसात देऊन टाकली आणि एकट्या माणसांच्या चाळीत खोली घेतली. नवीन आलेलं एक जोडपं त्या क्वार्टरमध्ये राहायला गेलं, त्यातली मुलगी सांगलीकडची आहे. सपाट तवा मी तिथंच ठेवला, तिला उपयोगी पडेल. तिनं मागच्या दारची दोरीही विचारली, ठेवू का म्हणून. म्हटलं, ठेव.

त्याच संध्याकाळी मंगलला फोन लावला आणि किल्ली दिल्याचं सांगितलं. तिकडून मशीनचा आवाज येत होता, तो थांबला. ती म्हणाली, "मग आता तुमचं घर कुठलं म्हणायचं?"

मी तिलाच विचारलं, कुठलं म्हणू?

"हितलंच म्हणा की," ती म्हणाली.

"म्हणतो," मी म्हणालो.